कोचसाब

बुऱ्हाणपुरात कोचसाब ओळखायला मैदानावर जावं लागत नाही. लग्नाच्या पंगतीत सगळ्यांची नजर माव्याच्या जिलबीकडे असते, तेव्हा जो गृहस्थ वाढप्याच्या पायांकडे टक लावून बसलेला असतो, तो कोचसाब. वाढपी पोरगा दोन्ही हातांत भांडी घेऊन, दाटीने बसलेल्या दोन ओळींमधून, एकाही पत्रावळीला धक्का न लावता गर्रकन वळला की कोचसाबांचा घास हातातच राहतो. "कंबर पाहिली? याला लेफ्ट हाफला टाकायला पाहिजे!" शेजारी बसलेला वधूचा मामा दचकतो. पंगत उठायच्या आत त्या पोराचं नाव, वय, बापाचा धंदा आणि बुटाचा नंबर एका वहीत उतरलेला असतो.

हे आधीच सांगून टाकतो, की कोचसाब म्हणजे कुणी एक गृहस्थ नव्हेत. बुऱ्हाणपूर, नेपानगर, रावेर, भुसावळ या पट्ट्यात जिथे म्हणून गोलपोस्ट उभे आहेत तिथे एक कोचसाब असतो, आणि त्या सगळ्यांना एका ट्रॅकसूटमध्ये कोंबून मी हा एक केला आहे. ट्रॅकसूट तसाही ढगळच असतो. वरचा भाग कुठल्याशा आंतरजिल्हा स्पर्धेचा, खालचा कुणा बँकेने वाटलेला. गळ्यात बुटाच्या जुन्या नाडीला बांधलेली शिट्टी. पायात चपला, कारण बूट पोरांना दिलेले असतात.

कोचसाब खेळायचे फुलबॅक. फुलबॅकच्या आयुष्यात गोल नसतात, त्यामुळे म्हातारपणी सांगण्यासारखं फारसं काही उरत नाही. म्हणून देवाने त्यांना गुडघा दिला. गुडघा गेला ती मॅच मी शाळेत असल्यापासून ऐकत आलो आहे. पहिल्या आवृत्तीत समोरचा गडी रावेरकडचा एक मास्तर होता आणि मैदानात खड्डा होता. पुढे खड्डा बुजला आणि मास्तरांच्या जागी भुसावळच्या रेल्वेचा सेंटर फॉरवर्ड आला. परवा ऐकली तेव्हा संतोष ट्रॉफीचा कॅम्प होता, समोर बंगालचा इंटरनॅशनल होता आणि मॅच संपल्यावर त्याने डोळ्यांत पाणी आणून यांना मिठी मारली होती. दुखापत तेवढीच राहिली, मॅचचा दर्जा मात्र दर पाच-सात वर्षांनी वाढत गेला.

शहरापासून वीसेक किलोमीटरवर असीरगड आहे. गडावरच्या महादेवाला रोज पहाटे अश्वत्थामा फूल वाहून जातो, अशी आमच्याकडची पक्की समजूत. त्याच्या कपाळावरची जखम भरत नाही, त्याला मरण येत नाही आणि जखमेला लावायला तो तेल मागत फिरतो. पोरांनी कोचसाबांचं नाव मागून 'अश्वत्थामा' ठेवलं, त्यात त्यांना फारशी कल्पकता लढवावी लागली नाही. जखम भरलेली नाही, निवृत्ती येत नाही, आणि ज्या घरी जातील तिथे "महानारायण तेल आहे का थोडं?" हा प्रश्न ठरलेला. वर्षातून एकदा ते सगळ्या संघाला त्याच गडावर पळवतात. "हा किल्ला घ्यायला अकबराला महिनोन् महिने लागले, १६०१ उजाडलं. तुम्हाला चाळीस मिनिटं देतो." एवढं बोलून स्वतः पायथ्याच्या चहाच्या टपरीला वेढा घालून बसतात.

२००३ पर्यंत बुऱ्हाणपूर खंडवा जिल्ह्यात होतं. कोचसाबांच्या आयुष्यातला तो सुखाचा काळ. संघ हरला, पोरगा निवडला गेला नाही, बॉलची हवा गेली, काहीही झालं तरी कारणाचा पत्ता तयार असायचा: खंडवा. "खंडव्याला आपलं कोण बसलंय?" या एका वाक्यावर त्यांनी पंचवीस वर्षं कोचिंग केलं. १५ ऑगस्ट २००३ ला आमचा जिल्हा वेगळा झाला. कोचसाबांनी पेढे वाटले आणि पुढच्याच हंगामात जिल्ह्याचा संघ निवडायची जबाबदारी त्यांच्याच गळ्यात पडली. आता वगळलेल्या पोरांचे बाप त्यांच्या ओट्यावर येऊन बसतात आणि बोट दाखवायला खंडवा उरलेला नाही. मध्यंतरी त्यांनी नेपानगरकडे बोट दाखवून पाहिलं. पण ती मंडळी दर आठवड्याला बाजारात समोरासमोर भेटतात.

नेपानगरचं नाव निघालंच आहे तर त्यांची आणखी एक खंत सांगतो. देशातला पहिला वर्तमानपत्री कागदाचा कारखाना तिथला; १९५६ साली पंडित नेहरू त्याच्या उद्घाटनाला आले होते. देशभरच्या पेपरांची खेळाची पानं ज्या कागदावर छापली गेली तो आमच्या शेजारी तयार झाला, आणि कोचसाबांचं नाव त्यावर एकदाही आलं नाही. "कागद आपला, शाई त्यांची," असं ते म्हणतात. त्यात थोडा राजकीय आशयही आहे. भोपाळच्या लेखी आम्ही मराठी आणि मुंबईच्या लेखी आम्ही एमपीवाले. एखादा पोरगा खरोखर चांगला निघाला तर त्याला कुठल्या राज्याकडे पाठवायचा इथपासून घोळ सुरू होतो, आणि आधार कार्डावरचा पत्ता बदलेपर्यंत पोराला मिशा फुटतात.

त्यांचं मैदान चार भाषांत चालतं. कौतुक मराठीत, सूचना हिंदीत, शिव्या निमाडीत आणि रेफरीशी भांडण इंग्रजीत. येणाऱ्या पोरांत अर्धी पॉवरलूमवरची. बापाबरोबर, चुलत्याबरोबर लूमच्या खटखटाटात वाढलेली. त्यांना शिट्टी ऐकू येत नाही. ऑफसाइड झालं तरी पळत राहतात, गोल मारतात, नाचतात आणि मग मागे वळून बघतात तर सगळे थांबलेले. म्हणून कोचसाब शिट्टीबरोबर लाल रुमाल ठेवतात. लूमवाल्यांच्या सरावाची वेळ त्यांनी कधीच ठरवली नाही, ती वीज खातं ठरवायचं. लाइट गेली की लूम बंद, लूम बंद पडले की पोरं मैदानात. दुपारी दोनला गल्लीतला खटखटाट एकदम थांबला की कोचसाब जेवणाच्या ताटावरून उठत. अलीकडे वीज बरीच नियमित झाली आहे. वीज सुधारली आणि बुऱ्हाणपूरचा फुटबॉल बिघडला, हे त्यांचं मत त्यांनी वीज खात्याच्या एका इंजिनियराला त्याच्याच सत्कारात ऐकवलं होतं.

डावपेचांच्या बाबतीत त्यांचं नाव घ्यावं ते जिलबीसाठी. गोल मारणाऱ्याला माव्याची जिलबी, असं एका उन्हाळ्यात त्यांनी जाहीर केलं. आठवड्याभरात संघात अकरा फॉरवर्ड झाले. गोलकीपरसुद्धा हाफलाइनच्या पुढे उभा राहू लागला. मग गोल अडवणाऱ्याला जिलबी, असा नियम बदलला. त्यावर फुलबॅक मंडळी आधी समोरच्याला मुद्दाम आत सोडायची आणि मग जिवाच्या आकांताने अडवायची. दोन मॅच याच पायी गेल्या. शेवटी हरल्यावर सगळ्यांना केळी आणि जिंकल्यावर सगळ्यांना दराबा, अशी तडजोड झाली. जिल्हा केळीचा असल्यामुळे हरणं स्वस्त पडतं.

पण कोचसाबांचा खरा जीव कोचिंगमध्ये नाही, पारखण्यात आहे. शिकवताना ते गोंधळतात, चिडतात, कालचं आज विसरतात. बघताना मात्र चुकत नाहीत. शनवाऱ्याच्या गर्दीत रिक्षा, हातगाड्या आणि एक बैल यांच्यामधून सायकल न थांबवता काढणारा पोरगा दिसला, की ते त्याच्या मागे आपली मोपेड घालतात. पोरगा घाबरून आणखी जोरात पळवतो आणि निवड पक्की होते. गोलकीपर ते केळीच्या ट्रकवर शोधतात. खालून फेकलेला घड वर उभ्याने छातीशी झेलायचा, तोही अलगद, कारण सालीवर ओरखडा आला तर व्यापारी भाव पाडतो. "या हातातून बॉल सुटेल का, भाऊ?" हा त्यांचा सवाल मला बिनतोड वाटतो.

वही त्यांच्याकडे फार जुनी आहे. पुठ्ठ्याची, लाल कापडी पाठीची, उधारीची असते तसली. मी ती एकदा चाळली. नावं देत नाही, शेरे देतो. 'उंच. भित्रा. आई खंबीर आहे.' 'पाय सोन्याचा, डोकं पितळेचं.' 'लूमवाला. ऐकत नाही (कानाने).' 'मामा पोलिसात. ठेवावा.' 'मैदानात झोपतो, पण योग्य जागी.' या शेवटच्या शेऱ्याइतकं नेमकं वर्णन मी एकाही समालोचकाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

ती वही पाहून मला जेफ ट्वेंटीमॅनची आठवण झाली आणि मी कोचसाबांना त्याची गोष्ट सांगायला घेतली.

"कोणमॅन?"

"ट्वेंटीमॅन. इंग्रज खेळाडू."

"ट्वेंटी? माझ्याकडे तर अकरा येता येत नाहीत."

तरी त्यांनी ऐकली. कार्लाइल आणि लिव्हरपूल या संघांतून खेळलेला हा गडी. बूट टांगल्यावर मॅनेजर झाला, पण कुठे? मोरकॅम आणि हार्टलपूल्स असल्या, बड्या लीगच्या वाटेलाही न जाणाऱ्या संघांत. १९६५ मध्ये हार्टलपूल्सला तो काही महिनेच टिकला. त्याच्या जागी जो तिशीचा पोरगा आला त्याचं नाव ब्रायन क्लफ, ज्याने पुढे युरोपियन कप दोनदा जिंकला. मॅनेजर म्हणून ट्वेंटीमॅनचं नाव तिथेच संपायचं. पण बिल शँक्ली कार्लाइलला मॅनेजर असताना हा त्यांच्या हाताखाली खेळलेला होता. १९६७ मध्ये शँक्लींनी त्याला लिव्हरपूलला बोलावलं आणि काम दिलं ते बघण्याचं. पुढची जवळपास वीस वर्षं हा माणूस थंडीपावसात छोट्या छोट्या गावांतल्या मैदानांवर उभा राहून बघत राहिला आणि वहीत शेरे लिहीत राहिला. स्कंथॉर्पमधून केव्हिन कीगन आणला, ३५ हजार पौंडांच्या आसपास. नॉर्थॅम्प्टनमधून फिल नील आणला. १९८० मध्ये चेस्टरहून इयान रश नावाचा सडपातळ पोरगा तीन लाख पौंडांना आणला. त्याने लिव्हरपूलसाठी ३४६ गोल मारले आणि तो विक्रम अजून मोडलेला नाही. ट्वेंटीमॅनच्या त्या वह्यांवर नंतर पुस्तकही निघालं.

कोचसाब बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी विचारलं, "त्याला जाण्यायेण्याचा खर्च मिळायचा?"

मिळत असणारच, मी म्हटलं.

"मग काय मोठं केलं!" आणि वही परत घेतली.

खरं तर ते पुरते बेफिकीर नव्हते. दोन दिवसांनी स्वतःच विषय काढला, की असा इंग्रज आपल्याकडे कुणी आला होता का. आला होता. डेव्हिड बूथ. बार्न्सली आणि ग्रिम्सबी टाउन या संघांत खेळला, मग ग्रिम्सबी, डार्लिंग्टन, पीटरबरो असे खालच्या फळ्यांतले संघ सांभाळले आणि फिरत फिरत थेट मुंबईला पोचला. आधी महिंद्रा युनायटेड, नंतर २००७ मध्ये सुरू झालेला मुंबई एफसी. कूपरेजच्या कडेला उभा राहून त्याने आपल्या पोरांना इंग्लंडच्या चिखलात शिकलेला फुटबॉल शिकवला. महिंद्राने २०१० मध्ये संघ बंद केला. मुंबई एफसीही २०१७ नंतर दिसेनासा झाला. म्हणजे साहेब येऊन गेला, शिकवून गेला आणि शिकलेले दोन्ही वर्ग बंद पडले. कोचसाबांना या बातमीने फार बरं वाटलं. "माझा अजून चालू आहे," म्हणाले.

यापुढची गोष्ट मात्र त्यांनी दोनदा सांगायला लावली. त्याच मुंबई एफसीत खालिद जमील नावाचा खेळाडू होता. दुखापतींनी त्याचा खेळ थांबला. २००९ मध्ये क्लबने त्यालाच कोच केलं. तुटपुंज्या पैशांत त्याने तो संघ सात वर्षं वरच्या लीगमध्ये तरता ठेवला. मग २०१७ मध्ये मिझोरमच्या आयझॉल एफसीला त्याने आय-लीग जिंकून दिली, जो संघ कुणाच्या खिजगणतीत नव्हता. २०२५ मध्ये तो भारताचा कोच झाला. हे ऐकून कोचसाबांनी पाय लांब केला, गुडघ्यावरून सावकाश हात फिरवला आणि म्हणाले, "म्हणजे हा वाया जात नाही."

त्यांचा स्वतःचा हिशेब निराळा आहे. वहीत गोलांचा रकानाच नाही. शेवटचा रकाना नोकरीचा. 'रेल्वे, भुसावळ.' 'पोलीस.' 'वनरक्षक.' 'पीटी मास्तर.' स्पोर्ट्स कोट्यातून ट्रॅकमन लागलेल्या पोराबद्दल ते ज्या आवाजात बोलतात, त्या आवाजात लिव्हरपूलवाले रशबद्दल बोलत असतील. त्यापुढे आणखी एक बारीक रकाना पेन्शनचा. २००४ नंतर लागलेल्या पोरांपुढे तिथे लाल शाईची फुली आहे. त्यांचं गणित मला पटतं. ज्या गावात पोराला चौदाव्या वर्षी लूमवर उभं करतात तिथे बापाला "तुमचा मुलगा इंडियाकडून खेळेल" असं सांगणारा माणूस एकतर भोळा असतो, नाहीतर लबाड. कोचसाब "पोरगा कायम होईल" असं सांगतात आणि बाप त्याला दोन तास सोडतो.

गेलेली पोरं परत येत नाहीत, याचं दुःख ते इतिहासावर ढकलतात. मुमताज महल १६३१ मध्ये वारली ती बुऱ्हाणपुरात. तापीच्या पलीकडे झैनाबादला तिला पुरलं, सहा महिने ठेवलं आणि मग उचलून नेलं आग्र्याला. ताजमहाल तिथे झाला. "माल आपला, नाव आग्र्याचं. चारशे वर्षं हेच चालू आहे, भाऊ." दरवेळी कुणी भुसावळची गाडी पकडली की ते हे वाक्य म्हणतात आणि स्टेशनवर सोडायलाही जातात. पोराच्या लग्नाची पत्रिका मात्र हमखास येते. मग ते त्या लग्नाला जातात आणि वाढप्यांचे पाय बघत बसतात.

त्यांचा एक दोष सांगितल्याशिवाय हे चित्र खरं होणार नाही. आयुष्यभर ते डावखुऱ्याच्या शोधात आहेत. डाव्या पायाने खेळणारा विंगर त्यांना लाभलेला नाही. 'डाव्या पायाने मारतो असं आजोबा म्हणतात. खात्री करणे,' अशा नोंदी वहीत जागोजागी आहेत. खात्री केल्यावर आजोबा खोटे निघतात. काही वर्षांपूर्वी सराव चालू असताना बॉल भिंतीपलीकडे गेला आणि तिकडून कुणीतरी तो असा परत मारला, की तो हवेत वळून थेट कॉर्नर फ्लॅगजवळ पडला. कोचसाब गुडघा विसरून भिंतीकडे पळाले. पलीकडे धाकट्या भावाला न्यायला आलेली शाळकरी मुलगी उभी होती. डावा पाय, चपलेसकट. कोचसाबांनी कपाळाला हात लावला, तिला विचारलं, "भाऊ खेळतो का तुझा?" भावाची चाचणी घेतली. भाऊ उजवा निघाला, तोही बेताचा. वहीत नोंद झाली: 'भाऊ उजवा. बहीण—' आणि पुढे रेघ. एवढी पारखी नजर आणि ती एका वेणीपाशी अडली. मी त्यांना हे तोंडावर म्हटलं आहे. त्यांनी "तिच्या घरचे काय म्हणतील" असं उत्तर दिलं. लूमवाल्यांच्या घरी जाऊन बापांशी भांडणारा हा माणूस तिच्या घरी चहालासुद्धा गेला नाही.

तर वाचकहो, बुऱ्हाणपूर, लालबाग, शाहपूर, नेपानगर, कुठेही कुणाच्या घरी डाव्या पायाने खेळणारं पोर असेल तर रविवारी सकाळी सहाला मैदानावर पाठवा, लाइट असो वा नसो. मुलगी असेल तर जरूर पाठवा. वहीतली रेघ पुढे भरायचं काम मी अंगावर घेतलं आहे. बूट नसले तरी चालेल. जुने बूट कुणाला द्यायचे असतील तर सहा ते आठ नंबरचे द्यावेत, आणि कृपा करून दोन्ही पायांचे.